रहदारीमुक्त सायकलमार्ग शोधण्याची शास्त्रशुद्ध पद्धत (न्हावा शेवा विभाग)

नवी सायकल घेतलेला माणूस आधी हेल्मेट घेतो, मग मोबाइल अडकवायचा स्टँड घेतो आणि मग कुठल्याशा परदेशी व्हिडिओत पाहिलेला रस्ता शोधायला लागतो. दोन्ही बाजूंना जंगल, समोर डोंगर, पायाखाली गुळगुळीत डांबर आणि मैलोन्‌मैल एकही मोटार नाही. असा उमेदवार उलवे, द्रोणागिरी किंवा जुन्या पनवेलात राहत असेल, तर त्याला खास मार्गदर्शनाची गरज आहे. डोंगर इथे आहेत. जंगल आहे. डांबरही अधूनमधून आहे. चौथ्या अटीपाशी मात्र गाडी अडते, कारण ती अडवायला समोर चाळीस फुटी ट्रेलर उभा असतो.

तेव्हा प्रथम ट्रेलरचा अभ्यास करावा. न्हावा शेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. २०२४-२५ या वर्षात त्याने वीस फुटी पेटीच्या मापाने सुमारे ७३ लाख कंटेनर हाताळले. भागाकार तोंडी होतो: दिवसाला सरासरी वीस हजार. त्यातले काही रेल्वेने जातात, पण ती गोष्ट पळस्प्याच्या रस्त्यावर उभे राहून कुणाला पटत नाही. चाळीस फुटी पेटी बारा मीटरहून लांब असते आणि वळताना ट्रेलरची मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने न जाता वळणाच्या आतल्या अंगाने कापत येतात. म्हणून डावीकडे वळू पाहणाऱ्या ट्रेलरच्या डाव्या कुशीत सायकल घालून सिग्नलची वाट बघू नये. या लेखात विनोद असल्यास तो या वाक्यात नाही.

आता सुरुवातीलाच बाद करायचे मार्ग.

सर्वांत मोहात पाडतो तो अटल सेतू. १२ जानेवारी २०२४ ला खुला झालेला, शिवडीपासून न्हावा शेव्यापर्यंत २१.८ किलोमीटर, त्यातले साडेसोळा समुद्रावरून. चढ नावाला, वारा मुबलक, हिवाळ्यात शिवडीच्या बाजूला रोहित पक्षी. सायकलसाठी असा पूल शोधून सापडणार नाही. त्यावर सायकलला टोल नाही, कारण सायकललाच प्रवेश नाही. मोटारसायकल, रिक्षा आणि ट्रॅक्टर यांनाही नाही, एवढ्या समदुःखी मंडळींवर समाधान मानावे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गही याच कारणाने बाद. सेतू खुला झाला तो दिवस उमेदवारासाठी अगदीच वाया गेला असे मात्र नाही. सेतूच्याच मुहूर्तावर उरणची लोकल सुरू झाली आणि न्हावा शेवा नावाचे स्टेशनही मिळाले.

परदेशी व्हिडिओतल्या रस्त्याचे गुपितही इथेच उघड करायला हवे. त्यातले बरेच रस्ते मुळात रस्ते नव्हेत, बंद पडलेले लोहमार्ग आहेत. जर्मनीतल्या आखेनपासून बेल्जियममार्गे लक्झेंबर्गपर्यंत जाणारा फेनबान हा १२५ किलोमीटरचा सायकलमार्ग कोळसा-लोखंड वाहणाऱ्या जुन्या रेल्वेच्या बांधावरून जातो. आगगाडीला तीव्र चढ झेपत नसे, म्हणून आज साठीतले आजोबाही तिथे डोंगराळ जंगलातून दम न लागता जातात. स्पेनने १९९३ पासून याच युक्तीने ३,००० किलोमीटरहून अधिक ‘हिरव्या वाटा’ केल्या.

आपल्याकडे ही युक्ती का चालली नाही? आपण रेल्वे बंद पाडत नाही, हे एक कारण. आणि पाडली तरी पुढे काय करायचे ते ठरवत नाही, हे दुसरे. बोर घाटात गाडीचे तोंड फिरवण्याचे जे जुने रिव्हर्सिंग स्टेशन होते, ते १९२९ साली नव्या आखणीमुळे सोडून दिले गेले. युरोपात तिथे आज सायकल भाड्याने मिळाली असती आणि शेजारी सफरचंदाचा केक. नेरळ–माथेरान गाडी १९०७ पासून आहे, मध्ये मध्ये पावसाने बंद पडते आणि पुन्हा सुरू होते. ती कायमची बंद व्हावी अशी इच्छा केवळ सायकलसाठी कुणी धरू नये.

तर मग उरते काय? उरतो तो या विषयातला एकमेव खरा सिद्धान्त: जो रस्ता कुठेच जात नाही, तो धरावा.

ट्रेलरला कुठेतरी पोहोचायचे असते. टँकर, एसटी, शेडुंगच्या बाजूला प्लॉट बघायला निघालेले कुटुंब, सर्वांना कुठेतरी पोहोचायचे असते. डोंगराच्या पायथ्याशी जाऊन संपणारा रस्ता यांच्यापैकी कुणाच्याच उपयोगाचा नसतो. ओळखण्याची पद्धत सोपी आहे. फाट्यावरच्या टपरीवर चहा घ्यावा आणि विचारावे, ‘‘दादा, हा रस्ता कुठं जातो?’’ उत्तर ‘‘हायवेला लागतो’’ असे आले तर चहाचे पैसे देऊन मागे फिरावे. ‘‘शॉर्टकट आहे’’ असे आले तर पैसे देण्याआधीच फिरावे. पण दादांनी जरा संशयाने वरपासून खालपर्यंत बघून ‘‘कुठं नाय जात, तिथंच संपतो’’ म्हटले, की ओळखावे, हाच तो.

या कसोटीला पुरेपूर उतरणारा रस्ता पनवेलहून नेऱ्याकडे निघतो. नेऱ्याजवळ कुष्ठरुग्णांसाठी उभे राहिलेले शांतिवन आहे. पुढे गाढी नदीवरचे देहरंगचे धरण लागते. लोक त्याला गाढेश्वर म्हणतात आणि पनवेल शहर त्याचे पाणी पिते. मग मालडुंग्याच्या बाजूच्या ठाकूर-कातकरी वाड्या, आणि शेवटी धोदाणी. तिथे माथेरानचा कडा समोर उभा राहतो आणि रस्त्याला पुढे जायला जागाच उरत नाही. एका बाजूला प्रबळगड, त्याला लागून कलावंतिणीचा सुळका. साग, ऐन, फेब्रुवारीत पेटलेले पळस. पनवेलपासून वीस किलोमीटरच्या आसपास हे सगळे संपते, म्हणजे येऊन-जाऊन चाळीस. नवख्याला पुरे.

एक अट आहे. इथली रहदारीमुक्ती जागेपेक्षा वेळेवर अवलंबून असते. मंगळवारी पहाटे सहाला हा रस्ता फेनबानच्या तोंडात मारेल असा असतो. जुलैतल्या रविवारी अकराला तिथे धरणाकडे निघालेल्या मोटारी, त्यांतून उतरून नाचणारी मुले आणि मनाईचा आदेश घेऊन उभे असलेले पोलीस अशी त्रिस्थळी यात्रा भरते. तेव्हा नकाशापेक्षा गजराचे घड्याळ चांगले घ्यावे.

उलट उदाहरणही बघून ठेवावे. नकाशावर न्हावा शेव्याहून सर्वांत जवळचे हिरवे दिसते ते चिरनेर. गावही कसे, तर जंगलासाठी लढलेले. २५ सप्टेंबर १९३० रोजी अक्कादेवीच्या डोंगरावर इथल्या लोकांनी इंग्रजांचा जंगल कायदा मोडला, गोळीबार झाला, माणसे हुतात्मा झाली. दर वर्षी त्या दिवशी गावात मानवंदना होते. पण गव्हाण फाट्याहून दिघोड्यामार्गे चिरनेरला आणि पुढे खारपाड्याला जाणारा रस्ता वरच्या कसोटीत नापास होतो: तो हायवेला लागतो. वाटेत कंटेनरची गोदामे आहेत, आणि जंगलाच्या हक्कासाठी लढलेल्या गावाकडे जाताना सायकलस्वाराला ट्रेलरमागे धूळ खात जावे लागते. अक्कादेवीला जायचे असेल तर गावात शिरून आतल्या वाटांनी जावे. तिथे बरे वाटते.

कर्नाळ्याचे तसेच. १९६८ साली जाहीर झालेले, बारा चौरस किलोमीटरचे पक्षी अभयारण्य, वर अंगठ्यासारखा सुळका, आत दयाळ, कोतवाल, शिवाय बरेच न दिसणारे पक्षी. वाटेवर शिरढोण, म्हणजे वासुदेव बळवंत फडक्यांचे जन्मगाव. पण जंगलाच्या मधून मुंबई–गोवा महामार्ग जातो आणि दारही त्याच्यावरच उघडते. कर्नाळ्याला सायकलने जाणे म्हणजे मारुतीच्या दर्शनाला लंकेतून जाणे. सायकल दाराशी लावून पायीच फिरावे.

आता पंक्चरविषयी, कारण ते होणारच. जंगलात काट्याने होईल अशी नवशिक्याची समजूत असते. प्रत्यक्षात ते जंगलाआधीच होते. ट्रेलरचा टायर फाटला की त्याच्या रबरातली पोलादी जाळी सुटते आणि केसाइतक्या बारीक तारा रस्त्याच्या कडेला, म्हणजे नेमक्या सायकलच्या वाट्याला आलेल्या वीतभर पट्टीत पसरतात. अशी तार टायरमध्ये शिरली की दिसत नाही. ट्यूब बदलावी, हवा भरावी, शंभर मीटर जावे आणि पुन्हा उतरावे, कारण तार जागच्या जागी असते. ती शोधायला टायरच्या आतून बोट हळू फिरवावे आणि बोटातून रक्त आले की जागा सापडली असे समजावे. काढायला भुवया कोरायचा चिमटा उत्तम; घरातून तो नाहीसा झाल्याबद्दल काय सांगायचे ते ज्याचे त्याने ठरवावे.

रस्त्यावर पंक्चरवाल्यांची वाण नाही. पण त्यांचा सगळा संसार ट्रेलरच्या चाकाच्या मापाचा. महागड्या सायकलच्या बारीक व्हॉल्व्हला कंप्रेसरची नळी बसत नाही. त्यासाठी दहा-वीस रुपयांची पितळी टोपी खिशात असावी. ती असली तरी नळी आपल्या हातात घ्यावी, कारण पंक्चरवाल्या भाऊंचा हात ट्रेलरला हवा भरून सरावलेला असतो आणि सायकलची ट्यूब दोन सेकंदांत फटाक्यासारखी वाजते. भाऊ त्यावर ‘‘माल डुप्लिकेट आहे’’ असा निकाल देतात. वाद घालू नये.

या मार्गदर्शिकेची मुदत फार लांब नाही, हेही नमूद केले पाहिजे. कुठेच न जाणारे रस्ते इथे झपाट्याने कुठेतरी जायला लागले आहेत. विमानतळ ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन होऊन त्याच डिसेंबरात सुरू झाला. विरार–अलिबाग मार्गिका पनवेल, उरण आणि पेण तालुक्यांतून आखली आहे. वडोदऱ्याकडून येणाऱ्या द्रुतगती मार्गासाठी माथेरानच्या डोंगराखालून चार किलोमीटरहून लांब बोगदे खोदले आहेत. शिवाय १२४ गावांची ‘तिसरी मुंबई’ कागदावर तयार आहे. फार्महाउसची कमान आणि तिच्यामागे ताजे डांबर दिसले, की तो रस्ता यादीतून खोडावा. डांबर चांगले झाल्याचे दुःख करणारा प्राणी महाराष्ट्रात हा एकच.

शेवटी, पूर्णपणे मोटारमुक्त, डोंगराळ आणि जंगलातले ठिकाणच पाहिजे असा हट्ट असेल, तर ते याच जिल्ह्यात आहे: माथेरान. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर मॅलेट तिथे चढला. २००३ पासून ते पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे आणि मोटारी दस्तुरी नाक्यालाच थांबतात. अडचण दस्तुरीला पोहोचण्याची. नेरळहून नऊ किलोमीटरच्या आत सातशे मीटरच्या आसपास चढायचे, तेही खालचा गिअर टाकून भरधाव येणाऱ्या टॅक्स्यांच्या मधून. मोटारी नसलेल्या गावाचा रस्ता जिल्ह्यातल्या बऱ्याच मोटारी वापरतात.

त्याला पर्याय धोदाणीलाच आहे. रस्ता संपतो तिथून एक पायवाट सरळ सनसेट पॉइंटला चढते. तिच्यावर मोटार, रिक्षा, ट्रेलर काही येत नाही. सायकलही चालत नाही, तेवढी खांद्यावर घ्यावी लागते. खालच्या वाड्यांतल्या बाया याच वाटेने माथेरानच्या बाजाराला भाजी घेऊन जातात. मागून पाटी येताना दिसली की सायकलस्वाराने बाजूला सरून मावशींना वाट द्यावी आणि ‘‘कितीला पडली रे सायकल?’’ या प्रश्नाचे खोटे उत्तर आधीच ठरवून ठेवावे.