कयाक सांभाळण्याची शास्त्रोक्त पद्धत
(सोनिवली आणि पंचक्रोशीसाठी)

मासेमारीची कयाक घेऊन बदलापूरजवळ सोनिवलीला, उल्हास नदीवर यायचं ठरवलंत, याचा अर्थ तुमच्याकडे पैसा आहे, रविवार मोकळा आहे आणि घरच्यांनी तुमचा नाद सोडला आहे. या तिन्ही गोष्टी चोराला लांबूनच कळतात, कारण ही वस्तू दहा ते तेरा फूट लांब असते आणि बहुधा पोपटी नाहीतर नारिंगी. ती लपवता येत नाही. तेव्हा लपवण्याचा विचार पहिल्यांदा डोक्यातून काढा.

प्रवासाचं आधी बघू. लोकलने आणणार असाल तर फक्त हवा भरायची कयाक आणा, तीही पिशवीत. बदलापूर लोकलमध्ये तिच्या चोरीची भीती नाही. डोंबिवलीपासून तिच्यावर कुणीतरी बसलेलं असेल आणि त्याला उठवणं चोरालाही जमणार नाही. टणक प्लास्टिकची कयाक मात्र गाडीच्या टपावरूनच येते. काटई-कर्जत रस्त्याला वडापावसाठी थांबलात की टपावरचे पट्टे कापायला साधी सुरी पुरते, हे ध्यानात ठेवा. आत पोलादी तार असलेले पट्टे मिळतात, ते घ्या. कंपनीने कयाकला कुलपासाठी कडी बहुधा दिलेली नसते. पण बसायच्या जागेखाली पाणी निथळायला आरपार भोकं असतात. त्यातून जाड तार ओवून टपाच्या दांडीला कुलूप घाला. गाडी अशी लावा की मागची बाजू भिंतीला टेकेल, म्हणजे कयाक मागे सरकवून काढता येणार नाही. मागे लाल फडकंही बांधा. न बांधल्यास वाहतूक हवालदार तुमच्या कयाकवर लक्ष ठेवतील. पहारा चोख होईल, पण वडापाव महागात पडेल.

आता मुक्कामी पोचलात. इथे चोर या शब्दाची शहरी कल्पना सोडून द्यावी लागते. कुलूप तोडून, अंधारात, तोंडाला रुमाल बांधून वगैरे कुणी येत नाही. इथे कयाक चोरीला जात नाही, ती 'नेली' जाते. मे महिन्यात शेजारच्या आळीत हळद असली, की बर्फ आणि थंड पेयांच्या बाटल्या ठेवायला एवढं लांब भांडं मंडपवाल्याकडेही नसतं. अनंत चतुर्दशीला तराफा कमी पडला की मंडळाच्या पोरांना तुमची आठवण येणारच, आणि बाप्पासाठी मागितलेली वस्तू नाकारणारा माणूस अजून बदलापुरात जन्मायचा आहे. म्हशीवाल्याला तर ती पाहताक्षणीच गव्हाण वाटते. तिन्ही प्रसंगी कयाक परत येते; एकदा हळदीने पिवळी, एकदा गुलालाने लाल आणि एकदा पेंडीच्या वासाची. या वासाला मासे येतात, त्यामुळे तिसऱ्या प्रकाराबद्दल फार तक्रार करू नये.

यावर परदेशी पुस्तकांत साखळ्या, भोंगे आणि उपग्रहाशी बोलणारी यंत्रं सुचवली आहेत. आपल्याकडे त्याहून जुनी आणि भक्कम विद्या आहे: भांड्यांवर नाव घालणं. लग्नात आलेला स्टीलचा डबा तीस वर्षं चाळभर फिरून घरी परत का येतो? त्यावर कोरलेलं असतं म्हणून. कयाकवर नुसतं आडनाव घालू नका, त्याने धाक बसत नाही. 'कै. आजोबांच्या स्मरणार्थ' असं ठसठशीत लिहा. एस.टी.त रुमाल टाकून धरलेली जागा पाळणाऱ्या समाजात स्वर्गवासी आजोबांच्या कयाकला हात लावायची छाती कुणाची होणार? आजोबा हयात असतील तर त्यांची परवानगी घ्यावी, एवढंच.

कोरलेल्या नावाचा उपयोग पोलीस ठाण्यातही होतो. १ जुलै २०२४ पासून चोरी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली येते. वस्तू पाच हजार रुपयांहून कमी किमतीची, गुन्हा पहिलाच आणि माल परत केलेला असेल, तर शिक्षा म्हणून समाजसेवा करावी लागते. तेव्हा बायकोला कयाकची किंमत साडेचार हजार सांगितली असेल, तर पावती नेमकी कुणाला दाखवायची हा पेच आधीच सोडवून ठेवा. तक्रार लिहिताना ठाणे अंमलदार गाडीचा नंबर विचारतील. तो नाही. चाकं? नाहीत. इंजिन? नाही. अशा वेळी सांगाड्यावर छापलेला अनुक्रमांक, चारही बाजूंचे फोटो आणि आजोबा, एवढाच आधार उरतो.

चोर कयाक पाण्यातून पळवील ही भीती व्यर्थ आहे. उन्हाळ्यात प्रवाहाबरोबर निघाला तरी मोहन्याच्या बंधाऱ्याजवळ जलपर्णीत असा अडकेल, की काढायला तुम्हालाच बोलवावं लागेल. पावसाळ्याची गोष्ट वेगळी. तेव्हा उल्हास नदी स्वतःच हात मारते. बदलापूरला तिची धोक्याची पातळी १७.५० मीटर, त्या सुमाराला काठाच्या झाडाला साखळीने बांधलेली कयाक म्हणजे नदीला दिलेला आहेर. रायत्याच्या पुलाखालून कल्याणची खाडी, पुढे वसई, पुढे अरबी समुद्र. पंचनामा कुठे करणार? २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवासी बोटींनी बाहेर काढावे लागले. तशा दिवशी कयाकचं कुलूप काढून ठेवावं आणि मालकी हक्काची भाषा करू नये.

इतर दिवसांसाठी सगळ्यात खात्रीचा पहारा फुकट मिळतो. काठावर कयाक ठेवली की दहा मिनिटांत कुणी काका येतात. "कोनाची हाय र ही होरी?" कुठून आणली, केवढ्याला पडली, बुडत नाही का, आणि मासा किती मिळाला, हे सगळं विचारून घेतात. कंटाळू नका, खरी उत्तरं द्या. शेवटचा प्रश्न सोडून. संध्याकाळपर्यंत ती माहिती गावात सगळ्यांना असते, आणि मग दुसऱ्या कुणी ती वस्तू उचलली तर त्याला प्रत्येक ओट्यावर तीच चार उत्तरं द्यावी लागतात. आजवर कुलुपाने कुणाला इतकं छळलेलं नाही. याच काठावर ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून जाळं टाकणारा मासेमार तुमच्यापेक्षा जास्त मरळ घेऊन जातो आणि जाताना ट्यूब खांद्यावर टाकतो. त्याला या लेखाची गरज नाही. त्याच्याशी ओळख मात्र ठेवा.

आसन, गळाच्या काठ्या आणि मासे दाखवणारं यंत्र रोज सोडवून घरात न्या. वल्हं तर पलंगाखालीच ठेवा. कयाकचं वल्हं मधोमध सुटतं, त्याचे दोन पात्यांचे दोन तुकडे होतात. ते नाहीसं झालं, तर पोलिसांकडे न जाता गावाबाहेरच्या मैदानावर जा. षटक संपेपर्यंत थांबा; दोन्ही टोकांच्या फलंदाजांकडे एकेक तुकडा असेल.