उत्तरेकडची मिस

साताऱ्याचा समावेश उत्तर भारतात होतो, हे मला तंजावरला कळलं. यजमानांची बँकेतली बदली झाली, म्हणून मी तिथल्या एका खासगी शाळेत इंग्रजी शिकवायला लागले. स्टाफरूममध्ये ओळख करून दिली गेली ती अशी: "न्यू इंग्लिश मिस. नॉर्थ इंडिया." मी म्हटलं, महाराष्ट्र. "येस येस, नॉर्थ," असं म्हणून सगळ्यांनी समजूतदारपणे माना हलवल्या. आंध्र ओलांडला की पुढे थेट हिमालय, असा इथला भूगोल.

मी मात्र माहेरी निघाल्याच्या थाटात आले होते. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे इथले. भोसल्यांनी इथं पावणेदोनशेच्या आसपास वर्षं राज्य केलं. तेव्हा निदान रिक्षावाला तरी दहा रुपये कमी घेईल! त्यानं वीस जास्त घेतले. मी हिंदीत भांडून पाहिलं, त्यानं तमिळमध्ये शांतपणे ऐकून घेतलं. सरकारी शाळांतून १९६८पासून तमिळ आणि इंग्रजी अशा दोनच भाषा असल्यानं आपली हिंदी इथं खिशातच राहते.

त्याचा खरा फटका वर्गात बसतो. साताऱ्यात इंग्रजीचा तास आम्ही सुखानं मराठीतून घ्यायचो. इथं ती पळवाट नाही. मुलांना आणि मला मिळून एकच भाषा येते, आणि तीही दोघांना अर्धवट. वाक्याच्या दोन्ही टोकांना 'मिस' लावल्याशिवाय ते पूर्ण होत नाही. "मिस, ही इज बीटिंग मी मिस!" "मिस, ही इज टेलिंग लाय मिस!" सकाळचं "गुऽऽड मॉर्निंऽऽग मिऽऽस" इतकं लांबतं की तेवढ्यात निम्म्या वर्गाची हजेरी होते.

जपानमध्ये म्हणे १९८७पासून सरकारच 'जेट' नावाच्या योजनेतून परदेशी माणसं शाळांत इंग्रजी शिकवायला नेतं. माझी भाची तिथं जायची स्वप्नं पाहते. तिला मी सांगते, परदेशीच व्हायचं तर पासपोर्टचा खर्च कशाला, तंजावरला ये.

इंग्रजीपेक्षा माझ्या केसांची काळजी सहकाऱ्यांना जास्त. मोकळा अंबाडा घेऊन शाळेत येणं म्हणजे जणू कोणी गेलंय. रोज कोणीतरी पर्समधून मोगऱ्याचा तुकडा काढून माझ्या डोक्यात खोचतंच. फुलं इथं हातानं मोजतात, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक 'मुळम'. तमिळ येण्याआधी लांब हाताची फूलवाली कुठं बसते हे मी शिकले. डब्याची कथा वेगळी. हौसेनं कांदेपोहे नेले, तर सगळ्याजणींनी चाखून "अवल उपमा, नाइस" असा निकाल दिला आणि सहानुभूतीनं माझ्या डब्यात दहीभात वाढला. पोह्यांना उपमा म्हणणाऱ्यांशी कसं वागावं, याबद्दल बी.एड.ला काही नव्हतं.

पाऊस इथं जूनमध्ये नाही, दिवाळीच्या सुमाराला येतो. त्या दिवसांत मुलांचं दैवत एकच, जिल्ह्याचे कलेक्टर. मुसळधार पावसात शाळेला सुट्टी जाहीर करण्याचा अधिकार त्यांचा. चार थेंब पडले की चाळीस माना खिडकीकडे वळतात. शेजारच्या जिल्ह्याला सुट्टी आणि आपल्याला नाही, असं झालं तर दुसऱ्या दिवशी वर्गात सुतकी वातावरण. खोटं कशाला बोलू, सकाळी सहाला मीही बातम्या लावून बसते.

मग आम्ही मुलांना मोठ्या देवळात नेलं. राजराज चोळानं १०१०मध्ये पुरं केलेलं ते अफाट बृहदीश्वर मुलांना पाठ होतं. ती कळसाकडे न बघता डबे उघडायच्या तयारीत होती. पण प्राकाराच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३मध्ये कोरवलेला भोसले घराण्याचा इतिहास आहे, देवनागरीत, मराठीत, संपता संपत नाही असा. मी मोठ्यानं वाचायला लागले. उत्तरेकडच्या मिसला भिंत वाचता येते म्हटल्यावर एकदम शांतता पसरली. सातवीतल्या एका मुलानं भिंतीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली आणि कळवळून विचारलं, "मिस, किंग व्हॉट मिस्टेक मिस? सो बिग इम्पोझिशन?"

इम्पोझिशन म्हणजे शंभर वेळा लिहायची शिक्षा. तिचा शोध माझ्याच वर्गात लागला असावा, अशा नजरेनं सगळे माझ्याकडे बघू लागले.

विषय बदलायला मी त्यांना जवळच्या शिवगंगा बागेतल्या श्वार्ट्झच्या चर्चमध्ये नेलं. श्वार्ट्झ हा जर्मन मिशनरी, बाल सरफोजीचा पाठीराखा आणि गुरू. तमिळ मुलखात मराठी राजपुत्राला इंग्रजीचे धडे जर्मन माणसाच्या छायेत! मी इथं एकटीच उपरी नाही, हा दिलासा केवढा. १७९८मध्ये तो वारला, आणि त्याच वर्षी गादीवर आलेल्या सरफोजीनं फ्लॅक्समन या नामवंत इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करवून घेतलं. गुरुजी अंथरुणाला खिळलेत, सरफोजी त्यांचा हात धरून उभा, बाजूला शाळेतली मुलं.

माझा गळा जरा दाटला. शिक्षकाबद्दल केवढा हा आदर, वगैरे मी सांगत होते. दुसऱ्या रांगेतली एक मुलगी त्या पलंगाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं पाहत होती. शेवटी तिनं हात वर केला.

"मिस, यू सिक मीन्स, लीव्ह मिस?"

मी म्हटलं, ते कलेक्टरांना विचारावं लागेल.