ऐंशी टक्के झालंय

लातुरात ‘सर’ नसलेला माणूस सापडणं अवघड. शाळेत शिकवतो तो सर, शिकवणी घेतो तो सर, आणि ज्याच्या माडीवर शिकवणीची पोरं भाड्यानं राहतात तोही सर. पण खाडगाव रोडच्या आमच्या गल्लीत नुसतं ‘सर’ म्हटलं की एकच माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. कानावर पेन्सिल, बनियनवर व्हाइट सिमेंटचे शिंतोडे, हातात मोजपट्टी आणि चेहऱ्यावर शंभर पेपर तपासून झाल्याचं समाधान. सर गणिताचे. निवृत्त झाले, निरोपाचा हार सुकायच्या आत त्यांनी स्वयंपाकघर काढलं, आणि तेही स्वतःच्या हातानं.

कारणं दोन. पहिलं म्हणजे मिस्त्रीनं सांगितलेला आकडा. तो ऐकून सरांनी चहाची बशी खाली ठेवली. दुसरं कारण तात्त्विक होतं. “ह्यात आहे काय? मापं आणि प्रमाण. दोन्ही मी आयुष्यभर शिकवली.” शिकवणं आणि करणं यांत पाण्यानं भरलेलं एक घमेलं असतं, हे त्यांना तेव्हा कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी त्यांनी आधी घमेल्याचं घनफळ काढलं असतं.

काम कुठवर आलं, असं विचारलं की सर टक्क्यांत बोलतात. दहावी-बारावीच्या निकालावर पोसलेल्या गावात दुसरी भाषा चालतही नाही. “ऐंशी टक्के झालंय.” हे ऐंशी टक्के गणपतीत झाले होते, दिवाळीतही तेवढेच होते. राहिलेल्या विसात काय काय येतं, असं खोदून विचारलं तर कळतं की ओटा, फरशी, नळ, लाईट आणि कपाटांची दारं. मग ऐंशी कशाचे झाले? “नियोजनाचे,” सर म्हणतात. आणि ते खरं आहे. फ्रिजच्या दारावर चिकटवलेलं वेळापत्रक पाहिलं की खात्री पटते. सोमवार भिंत, मंगळवार पाइप, बुधवार वायरिंग, शनिवार चाचणी, रविवार रिव्हिजन. धडा संपवा, सराव घ्या, चाचणी घ्या, चुका काढा, पुन्हा चाचणी घ्या: या लातूर पॅटर्ननं जिल्ह्यातली पोरं डॉक्टर-इंजिनिअर केली. सरांनी तोच पॅटर्न बेसिनखालच्या नळाला लावला. नळ पहिल्या चाचणीत गळला, दुसऱ्यात गळला, रिपीटरच्या बॅचमध्येही गळला. शेवटी कळलं की टेफ्लॉन टेप आट्यांच्या उलट दिशेनं गुंडाळली जात होती, त्यामुळे जोड आवळला की टेप सुटत होती. सरांनी ही चूक वहीत लाल शाईनं लिहून घेतली आणि त्याखाली दुहेरी रेघ मारली.

सामान आणायला सर गंजगोलाईत जातात. 1917 साली वसवलेल्या त्या गोल बाजारातून 16 रस्ते फुटतात, आणि अर्धा इंची वॉशर कुठल्या रस्त्यावर मिळेल ते आधी कधीच सांगता येत नाही. सर एल्बो आणायला जातात, एल्बो आणतात, घरी आल्यावर कळतं की हवा होता टी. पुन्हा गोलाई. टी आणला तर तो पाऊण इंची. पुन्हा गोलाई. हार्डवेअरचा दुकानदार हल्ली सरांना पाहून खुर्ची पुढे करतो आणि सामान न विचारता आधी चहा सांगतो. सरांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, एकदा सहज हिशेब मांडला, की स्कूटरच्या पेट्रोलमध्येच एक प्लंबर बसला असता. सरांनी तो हिशेब तपासला, हातचा धरायचा राहिल्याचं दाखवून दिलं आणि पुन्हा गोलाईला गेले.

सरांचे एक साडू नांदेडला तरोडा नाक्याजवळ राहतात. तेही निवृत्त, तेही घर काढून बसलेले, पण स्वभाव बरोबर उलटा. सर नियोजन संपल्याशिवाय हात लावत नाहीत, साडू हात लावल्याशिवाय विचार करत नाहीत. त्यांनी एकाच सकाळी मोरी, देवघर आणि जिना फोडला. दोघांचा रोज रात्री फोन असतो. “सर, गुरू-ता-गद्दीच्या 300 व्या वर्षाला, 2008 साली आमचं अख्खं नांदेड नवं झालं. तुमचा एक ओटा होईना व्हय?” साडू विचारतात. “तुम्ही देव कुठं ठेवलेत सध्या?” सर विचारतात. देव सध्या टीव्हीच्या कपाटात असल्यामुळे विषय तिथंच संपतो. तिकडे दोघी बहिणी वेगळ्या फोनवर वेगळा हिशेब करत असतात.

याच साडूंनी स्टीलचं सिंक स्वस्तात मिळवून दिलं. ते आणायला सर नांदेडला गेले आणि लोहा, अहमदपूर करत लालपरीतून सिंक मांडीवर घेऊन आले. कंडक्टरनं सिंककडे पाहिलं, सरांकडे पाहिलं आणि म्हणाला, “ह्याचं हाफ फाडू का?” सरांनी लगेजचे नियम विचारले. अहमदपूर येईपर्यंत अख्खी गाडी त्या चर्चेत होती. लातूरला उतरल्यावर लक्षात आलं की सिंकची जाळी नांदेडलाच राहिली. ती अजून तिथंच आहे. साडूंनी ती मोरीला बसवली.

एका बाबतीत मात्र सर कुणाचं ऐकत नाहीत, आणि बरोबरच करतात. मधली भिंत पाडून हॉल आणि स्वयंपाकघर एक करा, असा साडूंचा आग्रह होता. सर एकदम गप्प झाले. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट लातूर जिल्ह्यातल्या त्यांच्या वयाच्या माणसाला कोणी सांगावी लागत नाही. भूकंपानं किल्लारी आणि भोवतालच्या गावांत दगडामातीच्या रुंद भिंती आणि माळवदाचं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. तेव्हापासून इथला माणूस खिळा ठोकतानाही आधी भिंतीवर टिचकी मारून बघतो. “ओपन किचन तुम्ही नांदेडला करा. कॉलम-बीमला आणि वजन पेलणाऱ्या भिंतीला माझ्या घरात छिन्नी लागणार नाही,” सरांनी सांगितलं आणि त्या भिंतीवर खडूनं मोठी फुली मारली. त्या फुलीच्या आधारानं काकूंनी पुढे कॅलेंडर लावलं.

बाकी प्रयोगांना मोकळीक होती. फरशीसाठी आणलेल्या व्हिट्रिफाइड टाइल सरांनी रात्रभर हौदात भिजत घातल्या, कारण वडिलांना तसं करताना त्यांनी पाहिलं होतं. पण त्या टाइल भट्टीत इतक्या घट्ट भाजलेल्या असतात की पाणी जवळपास पीतच नाहीत. भिजवायची असते ती भिंतीची जुनी सिरॅमिक टाइल. सकाळी टाइल जशाच्या तशा, हौद मात्र अडकलेला आणि धुणं तुंबलेलं. मग सिमेंटचा धडा झाला. पोतं पूर्ण फोडून, वाळू चाळून, प्रमाण अगदी 1:4 धरून सरांनी माल कालवला. तेवढ्यात एका माजी विद्यार्थ्याचा पुण्याहून फोन आला. सिमेंट अर्ध्या तासापुढं माणसाची वाट बघत नाही, आणि सर विद्यार्थ्याशी अर्ध्या तासात आटोपत नाहीत. त्या मालाची ढेप अजून अंगणात आहे. दूधवाला तिच्यावर बसून हिशेब करतो. ती पक्की झाली आहे हे सरही मान्य करतात. “प्रमाण बरोबर होतं,” एवढंच ते म्हणतात.

या सगळ्या काळात काकूंचा स्वयंपाक हॉलमध्ये चालू होता. सरांच्या लिहायच्या टेबलावर शेगडी, पुस्तकांच्या कपाटात डबे, आणि भिंतीवर गुणवत्ता यादीत आलेल्या मुलांचे फोटो फोडणीच्या धुरात हळूहळू पिवळे पडत चाललेले. कुणी आलं की काकू म्हणायच्या, “या. हॉलमध्ये स्वयंपाक चाललाय, तुम्ही स्वयंपाकघरात बसा.”

पण काकूंनी अखेर मुदत घातली. येळवस. मार्गशीर्षातली ही अमावस्या म्हणजे लातूरकरांचा दिवाळीपेक्षा मोठा सण. त्या दिवशी गाव ओस आणि शेतं भरलेली. आदल्या रात्रभर घरोघर भज्जी शिजते, आंबील घुसळली जाते, उंडे वळले जातात. सरांच्या शेतावर तर सगळा गोतावळा जमतो, नांदेडचे साडूसुद्धा. “पन्नास माणसांची भज्जी मी तुमच्या टेबलावर करणार नाही,” काकू म्हणाल्या. सरांनी वेळापत्रक नवं केलं, ग्रॅनाइट कापून आणलं आणि ओट्याचा कोन बसवायला घेतला.

तो बसेना. ग्रॅनाइट अगदी काटकोनात कापलेलं. एक बाजू भिंतीला चिकटली, तर दुसऱ्या बाजूच्या टोकाला दोन बोटं फट. सरांनी ग्रॅनाइट मोजलं. बरोबर. पुन्हा मोजलं. बरोबर. उत्तर बरोबर असल्यामुळे चूक भिंतीची होती. पण भिंतीला पुन्हा परीक्षेला बसवता येत नव्हतं. तेव्हा काकूंनी न विचारता फोन लावला आणि तोच मिस्त्री आला, ज्याच्या आकड्यानं हे सगळं सुरू झालं होतं.

“काय करायलाव सर?” असं म्हणून तो खाली बसला. त्यानं कोपऱ्यापासून एका भिंतीवर तीन फुटांवर खूण केली, दुसरीवर चार फुटांवर, आणि दोन खुणांमध्ये टेप धरली. पाच फूट यायला हवी होती. अर्धा इंच जास्त आली. “कोपरा उघडलाय बघा. गुण्यात नाही.”

सर टेपकडे बघत राहिले. “हे तर पायथागोरस झालं.”

“तुम्हीच शिकवलं होतं की, नववीत.”

“पण तू नापास झाला होतास.”

“व्हय. तवापासून रोज ह्योच पेपर सोडवायलोय.”

मिस्त्रीनं पाण्याच्या पाइपनं पातळी घेतली, त्या बाजूच्या भिंतीला निमुळता प्लास्टरचा थर चढवला, वर टाइल लावली आणि फट नाहीशी झाली. येळवशीच्या आदल्या रात्री भज्जी नव्या ओट्यावर शिजली. सरांनी स्पिरिट लेव्हल घेऊन ओटा या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासला आणि मिस्त्रीला पंच्याण्णव गुण दिले. पाच कशाचे कापले, ते त्यानं विचारलं नाही. सरांकडून पास होण्याची त्याची ही पहिलीच वेळ.

एक गोष्ट मात्र सरांनी एकट्यानं केली आणि ती एकदाही गळली नाही. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला 10 वाघिणींत 5 लाख लिटर, तेव्हा हंडे घेऊन रांगेत उभं राहिलेलं हे घर. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी गटारात जाऊ द्यायचं नाही, एवढं सरांनी तेव्हाच ठरवलं होतं. नव्या सिंकखाली त्यांनी दोन वाटा काढल्या: साबणाचं पाणी एकीकडे, धुवणाचं दुसरीकडे, आणि ही दुसरी वाट थेट परसातल्या कढीपत्त्याला. त्या झाडाची पानं आता निम्म्या गल्लीच्या फोडणीत असतात. या कामाचे टक्के सर कधी सांगत नाहीत, कारण ते पूर्ण झालं आहे.

सध्या त्यांनी बाथरूम काढलंय. तेही ऐंशी टक्के झालंय.

तुमच्याही घरात असे एखादे सर असतील, तर त्यांच्या हातातली थापी काढून घेऊ नका, माणूस आजारी पडेल. फक्त ज्या मिस्त्रीला शेवटी बोलावता, त्याला सुरुवातीलाच बोलवा. पैसे तेवढेच लागतात, आणि हौद मोकळा राहतो.