रिकाम्या कुंड्यांचे मालक

डोंबिवलीत हयात काढून निवृत्त झालेल्या माणसाने फंडाच्या पैशातून कसारा मार्गावर दोन गुंठे जागा घेतली, की पुढे दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर तो महिन्यातून एकदा जाऊन कुलूप गंजलं का ते बघून येतो, नाहीतर बागकामाला लागतो. बागकाम करणाऱ्यांतही गुलाबवाले, बोन्सायवाले, सेंद्रिय भेंडीवाले अशा पोटजाती आहेत. त्या सगळ्या सुसह्य आहेत, कारण त्यांच्याकडे दाखवायला काहीतरी असतं. कंदकाकांचं तसं नाही.

कंदकाका बदलापूरलाही आढळतात, नेरळलाही. पण अस्सल वाण बघायचं तर खडवलीला यावं. टिटवाळा लोकल इथे कामाची नाही, ती एक स्टेशन आधीच हात टेकते. आसनगाव किंवा कसारा लोकल पकडावी लागते. काका मालडब्यातून येतात, कारण सोबत जाळीच्या दोन पिशव्या असतात. डब्यातल्या भाजीवाल्या विचारतात, "काय भावाने घेतले कांदे?" काका समजावू लागतात, की हे कांदे नव्हेत, ग्लॅडिओलस आहे, मूळचं दक्षिण आफ्रिकेचं. वासिंदला उतरायची बाई खडवली येईपर्यंत ऐकून घेते आणि म्हणते, "महाग पडले तुम्हाला."

पाहुणा आला की चहाच्या आधी बाग. "ही फुटबॉल लिली," काका एका कुंडीकडे बोट करतात. कुंडीत माती असते. "हा भुईचाफा." माती. "ही अमरिलिस, तांबड्यावर पांढरे पट्टे." तीही मातीच, बिनपट्ट्यांची. पाहुणा मुरलेला असेल तर "वा!" म्हणतो आणि एक पाऊल मागे सरतो, पायाखाली आणखी कोणी असेल या धास्तीने. एखादा नवखा "माती छान आहे हो" म्हणतो आणि काका दिवसभर अबोल होतात.

त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे, हेच खरं दुखणं. कंद वर्षातले काही महिने झोपतो. पानं पिवळी पडून जातात आणि सगळा ऐवज जमिनीखाली साठवलेला असतो. त्या काळात पाणी बेतानेच द्यायचं आणि मुख्य म्हणजे उकरून बघायचं नाही. काका पाण्याचा नियम पाळतात. उकरण्याच्या बाबतीत मात्र त्यांचा जीव राहत नाही. अंगण झाडायला येणाऱ्या मावशींनी एकदा स्पष्टच विचारलं, "काका, दर रविवारी काढून परत पुरता. सोनं आहे का काय?"

या सगळ्याच्या मुळाशी फोर्टच्या फुटपाथवर घेतलेलं एक इंग्रजी पुस्तक आहे. त्यात लिहिलंय, की डेलिया, ग्लॅडिओलस ही उन्हाळी फुलांची मंडळी अर्धवट काटक. उन्हाळा बाहेर काढतात, पण हिम पडलं की मरतात. म्हणून हिवाळ्याच्या तोंडावर कंद उकरा, सुकवा, कोरड्या जागी ठेवा. काकांचा पहिला हिवाळा खडवलीत हिम पडण्याची वाट बघण्यात गेला. पहाटे स्वेटर घालून ते अंगणात उभे. हिम काही पडलं नाही. काकूंची शाल मात्र डेलियावर पांघरलेली सापडली.

पुढे त्यांच्या ध्यानात आलं, की पुस्तकातला उन्हाळा म्हणजे आपला डिसेंबर. वीस-बावीस अंशांत फुलणारा डेलिया खडवलीच्या मे महिन्यात कसा टिकणार? तो पाऊस सरल्यावर लावायचा आणि थंडीत बघायचा. आणि विलायतेत जे काम हिम करतं, ते इकडे पाऊस करतो. तिकडे कंद थिजून मरतो, इकडे कुजून. भातसा जुलैत दोन्ही काठ सोडून वाहते, तेव्हा खडवलीच्या चिकट भातजमिनीत ग्लॅडिओलसचा कंद ठेवणं म्हणजे त्याला जलसमाधीच. म्हणून मृगाच्या आधी काका सगळं उकरतात, बाविस्टिनच्या पाण्यात बुडवतात, सावलीत सुकवतात आणि जाळीच्या पिशव्यांत भरून स्वयंपाकघरात टांगतात. खऱ्या कांद्यांच्या शेजारी.

काकूंनी त्यावर स्वतःची कसोटी शोधली आहे. चिरताना डोळ्यांत पाणी आलं तरच फोडणीत. एक पिशवी मात्र काकांनी वेगळ्या खिळ्याला टांगून त्यावर तांबड्या रंगाने कवटी काढली आहे. त्यात कळलावीचे कंद आहेत, आणि ते खरोखरच विषारी असतात. घरात आलेला प्रत्येक जण आधी ती कवटी बघतो आणि मग काकूंकडे.

फ्रिजचं प्रकरण याहून गंभीर. ग्लॅडिओलसच्या कंदाची झोप मोडायला चार-पाच अंशांची थंडी काही महिने लागते. शेतकरीही कंद शीतगृहात ठेवतात. काकांनी भाजीचा कप्पा ताब्यात घेतला. तोवर ठीक होतं. मग त्यांनी ट्यूलिप मागवले. श्रीनगरला जबरवानच्या पायथ्याशी २००७ पासून ट्यूलिपची मोठी बाग आहे, तिथे ते फुलतात, मग इथे का नाही, हा त्यांचा मुद्दा. ट्यूलिपलाही बारा-चौदा आठवडे थंडी हवी, आणि पिकत्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने त्याची कळी आतल्या आत मरते. झालं! हापूसला फ्रिजबंदी. भर मे महिन्यात, जावई आलेले असताना, आमरस कोमट. जावयांनी कारण विचारलं तेव्हा काकूंनी भाजीचा कप्पा उघडून दाखवला. मागच्या जानेवारीत त्यातला एक ट्यूलिप उगवला, बोटभर देठावर पानांतच उघडला आणि तिसऱ्या दिवशी माना टाकून मोकळा झाला. त्याच्या फोटोला घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भाच्याने लिहिलं, "अभिनंदन! मुलगा की मुलगी?"

काका खचत नाहीत. ते हॉलंडचा दाखला देतात. तिकडे सतराव्या शतकात लोकांनी जमिनीत पुरलेला, न पाहिलेला ट्यूलिपचा कंद घराच्या किमतीला विकत घेतला होता! काकू आतून म्हणतात, "आणि १६३७ साली काय झालं तेही सांगा पाहुण्यांना." बाजार कोसळला, हे त्यांना पाठ आहे. नवऱ्याच्या छंदाचा इतिहास बायकोइतका पक्का कोणालाच येत नाही.

तरीही एका गोष्टीला मान द्यायला हवा. मेच्या अखेरीस खडवलीत उकाड्याने कुत्री पाण्याच्या टाकीखाली पडून असतात, नदीवर मुंबईची तरुण पोरं डुंबत असतात, बाकी सगळ्यांच्या बागा होरपळून गेलेल्या असतात. तेव्हा त्या रिकाम्या कुंडीतून एक जाड देठ सरळ वर येतो आणि त्यावर लालभडक गोळा उमलतो. पान अजून धड आलेलंही नसतं. शेजारी भुईचाफा थेट जमिनीतून जांभळं-पांढरं फूल काढतो, देठाचाही खर्च न करता. निशिगंध रात्री अख्खी आळी दरवळून सोडतो. पहिली सर पडली की गुलाबी रेन लिली एका रात्रीत कुंपणभर. यांतल्या कशालाही फ्रिज लागला नव्हता. ही बाब काकांच्या लक्षात आणून देण्याची हिंमत अजून कोणी केलेली नाही, आणि मला विचाराल तर करूही नये.

त्या आठवड्यात काका लग्नाला जात नाहीत, मुंजीला जात नाहीत. फुटबॉल लिली जेमतेम आठवडाभर टिकते, त्यामुळे पुतणीच्या लग्नाला आहेर कुरिअरने गेला. त्याच सुमारास स्टेशनबाहेर मावशा शेवळं घेऊन बसतात. तोही रानातला कंदच. पहिल्या पावसाच्या आसपास कोणी न लावता, न उकरता वर येतो. लोक काकड घालून त्याची भाजी करतात. काका जुडी घेतात, घरी आणतात, आणि भाजी होण्याआधी एक शेवळं भिंगाखाली धरून अर्धा तास बघतात. काकू तोवर गॅस बंद ठेवतात.

तेव्हा वाचकहो, खडवलीला जायचंच तर मेच्या शेवटच्या आठवड्यात जा. इतर वेळी गेलात तर कुंडीसमोर दोन मिनिटं उभे राहा आणि "यंदा जोमात दिसतोय" एवढंच म्हणा. आणि परतताना आसनगावहून येणाऱ्या गाडीत बसल्यावर आपली पिशवी एकदा तपासा. वर्तमानपत्रात गुंडाळलेला कंद तळाशी असणारच. घरी पोचताच तो कुंडीत लावून टाका, कारण रविवारी सकाळी चौकशीचा फोन येणार आहे.