नसलेली मे महिन्याची सुट्टी

नोकरदार तरुणांची उन्हाळी सहल ही शाळेतल्या मे महिन्याच्या सुट्टीची थेट वारस. वारसाहक्काने तिच्याकडे उकाडा आणि हौस एवढेच आले. सुट्टी मध्येच कुठेतरी गहाळ झाली. शाळेत असताना दीड महिना मोकळा असतो आणि खिसा रिकामा. नोकरी लागली की खिशात पैसे येतात, निदान महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तरी. पण दीड महिन्याचे दोन दिवस होतात. या दोन दिवसांना तिसरा कसा चिकटवायचा, हा या विषयाचा पहिला धडा. त्यासाठी नवे कालनिर्णय खिळ्यावर चढण्याआधीच चाळले जाते. आई त्यात एकादश्या बघते, मुले शुक्रवारी-सोमवारी आलेल्या लाल तारखा. महाराष्ट्र दिन हा यातला हक्काचा मोहरा. २०२६ साली १ मे शुक्रवारी आला खरा, पण बुद्धपौर्णिमाही नेमकी त्याच शुक्रवारी येऊन बसली. पंचांग आणि शासन यांनी संगनमत करून एक सुट्टी खाल्ली, असे मानणारा वर्ग मोठा आहे.

यानंतर रजा. पीएल मागावी लागते, आणि मागितली की साहेबांना त्याच आठवड्यातली सगळी महत्त्वाची कामे आठवतात. सीएल वर्षाच्या सुरुवातीलाच लग्नकार्यांत संपलेली असते. राहता राहिली आजारपणाची रजा. तिचा धोका वेगळाच असतो. शुक्रवारी तापाने फणफणलेला माणूस सोमवारी टोमॅटोसारखा लाल होऊन कामावर येतो. उन्हाने भाजलेली कातडी तीन-चार दिवसांनी सोलायला लागते, म्हणजे पुरावा आठवडाभर टिकतो आणि रोज नव्या रूपात दिसतो. अनुभवी मंडळी म्हणूनच समुद्रावर टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि वर ओढणी अशा थाटात वावरतात. लोकांना वाटते, त्वचेची फार काळजी घेतात.

तारीख ठरली की ग्रुप निघतो. त्याचे नाव ‘कोकण फायनल’. आठवड्याभरात ‘कोकण फायनल २’ निघतो, कारण पहिल्यात असा एक जण असतो ज्याला न्यायचे नसते, पण काढून टाकण्याचे धाडस कोणात नसते. ठिकाणासाठी मतदान होते. कोणी कळसूबाई सुचवतो, कारण १,६४६ मीटर उंचीचे, राज्यातले सर्वात उंच शिखर स्टेटसला बरे दिसते. कोणाला सांदण दरी हवी असते, तर कोणाला भंडारदऱ्याचे काजवे. काजवे चमकू लागतात ते मेच्या अखेरीस, पावसाच्या तोंडावर. तोवर रजा आणि पगार दोन्ही संपलेले असतात, त्यामुळे काजव्यांना मते पडतात पण प्रेक्षक मिळत नाहीत. मतदानात जिंकतो तो गोवा. तो दरवर्षी जिंकतो आणि दरवर्षी रद्द होतो. कारण साधे आहे. रेल्वेचे आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी खुले व्हायचे, १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आले. ग्रुपचा निर्णय मात्र सहा दिवस आधी होतो. मे महिन्यात कोकण रेल्वेची गाडी भरायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात यांचे ‘विंडो सीट कोणाला’ हेसुद्धा ठरलेले नसते. शेवटी गोव्याला जाण्यासाठी जमलेली माणसे गाडी करून दापोलीला जातात. निम्म्याहून अधिक गोवा सहली दापोलीतच पार पडतात, असे म्हणायला हरकत नाही.

तोवर गळतीही सुरू झालेली असते. अकरा जणांनी अंगठा वर केलेला असतो. पहिल्या आठवड्यात एकाच्या चुलत बहिणीचा साखरपुडा निघतो, दुसऱ्यात एकीच्या कंपनीचे ऑडिट. एक जण ‘बघतो, सांगतो’ म्हणतो. हे दोन शब्द नकाराचे मराठीतले सर्वात सभ्य रूप. घरची परवानगी हा वेगळाच टप्पा. पगार स्वतःचा, वय सव्वीस, तरी आईचा पहिला प्रश्न ‘कोण कोण आहे?’ हाच असतो आणि दुसरा ‘रात्री गाडी कोण चालवणार?’ त्यावर एखाद्या शहाण्या मित्राचे नाव सांगायचे असते. प्रत्येक टोळीत असा एक मित्र असतो, जो सगळ्या आयांना ठाऊक असतो आणि ज्याला स्वतःच्या या कीर्तीचा पत्ता नसतो. पुष्कळदा तो सहलीला आलेलाही नसतो. एवढ्या सगळ्यातून सहा जण उरतात. आधी नऊ जणांत वाटलेले गाडीचे भाडे सहा जणांत पुन्हा वाटले जाते आणि उरलेल्यांची मैत्री तिथेच माणशी दीडपटीने महाग होते.

निघण्याची वेळ पहाटे पाचची ठरते. पुण्याची टोळी असेल तर चांदणी चौकात भेटायचे. पाच वाजता तिथे आयोजक एकटाच असतो. सव्वापाचला ‘निघालोच’ असा निरोप येतो. तो अंथरुणातून पाठवलेला असतो. आठ वाजता गाडी पौडच्या दिशेला लागते. पुढच्या सीटवर बसणाऱ्याकडे रस्ता आणि गाणी ही दोन खाती असतात, आणि दोन्ही खात्यांच्या कारभारावर मागून सतत टीका होते. सर्वात मागच्या सीटवर, पिशव्यांच्या सोबतीला, उशिरा आलेल्याची रवानगी होते. ताम्हिणी घाटात गाडी वळणे घेऊ लागली की पिशव्या त्याच्या मांडीवर येतात, आणि थोड्या वेळाने त्याच्या पोटातला वडापावही परतीच्या विचारात पडतो.

घाट उतरून माणगावात आले की सर्वांचा एक गैरसमज दूर होतो. पुण्यात पारा चाळिशीला टेकलेला असतो, कोकणात तो तेहतीस-चौतीस असतो. त्यावरून ‘तिकडे गार असेल’ असा हिशेब कोणीतरी मांडलेला असतो. पण घाम निघाल्याने माणूस गार होत नाही, तो वाळल्याने होतो. किनाऱ्यावरची हवा आधीच ओलीचिंब. तिथे घाम वाळत नाही, नुसता वाहतो. थर्मामीटर खोटा बोलत नाही, पण सगळे सांगतही नाही. अर्ध्या तासात गाडीतला एसी पूर्ण जोरावर जातो आणि तो बंद ठेवून पेट्रोल वाचवण्याचा ठराव एकमताने मागे घेतला जातो.

हरिहरेश्वरच्या पुढे बागमांडला येते आणि तिथे रस्ता पाण्यात संपतो. समोर सावित्रीची खाडी, पलीकडे वेशवी. अलीकडे रायगड जिल्हा, पलीकडे रत्नागिरी. खाडी ओलांडायची ती जंगलजेट्टीने. नावात जंगल असले तरी हा गाड्या वाहून नेणारा सपाट तराफा आहे, तोंडाशी लोखंडी फळी पाडून गाड्या पोटात घेणारा. दाभोळ आणि धोपावे यांच्यामध्ये वाशिष्ठीच्या खाडीत अशी सेवा २००३ साली सुरू झाली. पुढे बाकीच्या खाड्यांवरही ती आली आणि आंबेत-म्हाप्रळसारखे लांबचे वळसे वाचले.

या सहलीत जंगलजेट्टीचे महत्त्व तिच्या प्रवासापेक्षा तिची वाट पाहण्यात आहे. तोवर दीड महिना ही माणसे फक्त ठरवत आलेली असतात: तारीख, ठिकाण, गाडी, नाश्ता. धक्क्यावर ठरवण्यासारखे काहीच उरत नाही. जेट्टी पलीकडे गेलेली दिसते, ती भरल्यावर येणार, आली की जायचे. खाली उतरून सगळे टपरीच्या सावलीत उभे राहतात. कोणीतरी लिंबूसरबत आणतो, कोणीतरी ताडगोळे. ताडगोळा सोलताना आतले पाणी कोपरापर्यंत ओघळते आणि तो न सांडता खाण्याची पद्धत प्रत्येक जण दुसऱ्याला शिकवतो, स्वतःच्या शर्टावर सांडत. एकीला कामावरून फोन येतो, ‘आवाज तुटतोय’ असे ती सांगते आणि पहिल्यांदाच ते खरे असते. जेट्टीवर चढल्यावर पुढच्या सीटवरचा माणूस सवयीने नकाशा उघडतो. त्यात गाडीचा निळा ठिपका भर पाण्यात उभा असतो आणि नकाशा बिचारा नवीन मार्ग शोधत असतो. दहा-पंधरा मिनिटांत पलीकडचा धक्का येतो. सहलीचे चांगले निघालेले बहुतेक फोटो याच दहा-पंधरा मिनिटांतले असतात. सागरी महामार्गावरचे पूल झाले की या खाड्या गाडीतून न उतरता पार होतील. सोय होईल यात शंका नाही. सहलीच्या दृष्टीने मात्र तो तोटा आहे.

केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरूड या पट्ट्यात ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’ अशा पाट्यांची रांग लागते. यातल्या ‘घरगुती’ या शब्दाकडे दुर्लक्ष करू नये. काकू सकाळीच ‘जेवायला किती पानं?’ विचारतात आणि एकदा सांगितलेला आकडा बदलत नाही. दुपारी चार वाजता उगवून ‘काही मिळेल का?’ विचारणाऱ्यांना काही मिळते, पण सोबत घरच्यासारखी बोलणीही मिळतात. वेळेवर बसणाऱ्यांना गरम भात, तळलेली सुरमई आणि सोलकढी. शाकाहारी मित्र असेल तर त्याच्या पानात फणसाची भाजी पडते, आणि ती इतकी चांगली असते की सुरमईवाले ती चमचा-चमचा करून संपवतात.

हर्णै बंदरावर संध्याकाळच्या सुमारास मासळीचा लिलाव होतो. होड्या आल्या की बैलगाड्या पाण्यात शिरून मासळी किनाऱ्यावर आणतात, मागे सुवर्णदुर्ग उभा असतो. हे पाहण्यासारखे आहे. भाग घेण्यासारखे नाही. तरी एखाद्याला राहवत नाही. बोली काय चालली आहे हे कळण्याआधी त्याने मान हलवलेली असते आणि टोपलीभर कोळंबी त्याच्या नावावर लागते. ती साफ कोण करणार, हा प्रश्न तिथून मुक्कामापर्यंत गाडीत गाजतो. काकू करतात, पण त्या वेळी त्या जे बघतात, ते बघणे कोळंबीपेक्षा महाग पडते.

आता वाळू. समुद्र दिसला की गाडी थेट लाटांपर्यंत नेण्याची ऊर्मी दर टोळीत एकाला येते, आणि किल्ली नेमकी त्याच्याच हातात असते. ओल्या, घट्ट वाळूवर गाडी झकास पळते. व्हिडिओ काढला जातो. मग वळण घेताना चाक कोरड्या भुसभुशीत वाळूत जाते आणि थांबते. जाणकार म्हणून जो असतो तो एक्सलेटर दाबायला सांगतो. चाक जागच्या जागी फिरते, वाळू मागे उडते आणि चाक विहीर खणल्यासारखे खाली जाते. चेसिस टेकला की दाबण्याला काही अर्थ उरत नाही. अशा वेळी टायरमधली हवा कमी करावी, म्हणजे टायर पसरून वजन जास्त जागेवर पडते. शिवाय चाकापुढे फळ्या किंवा पोती टाकावीत. ही माहिती दुसऱ्या दिवशी इंटरनेटवर सापडते. त्या दिवशी सापडते ती भरती. ती दिवसातून दोनदा येते आणि कोणाच्या गाडीसाठी थांबत नाही. पाणी मागच्या बंपरपासून वीस पावलांवर आले की गाडीतल्या सगळ्यांना देव आठवतो, आणि भाड्याच्या करारातले ‘नुकसान ग्राहकाच्या खर्चाने’ हे वाक्यही. शेवटी गावातून ट्रॅक्टर येतो. दोर बांधून दोन मिनिटांत गाडी बाहेर. पैसे किती, यावर कोणी घासाघीस करत नाही. ट्रॅक्टरवाले दादा मात्र पैशांवर दोन वाक्ये फुकट देतात: ‘बोर्ड वाचता येतो ना? मराठीतच लिहिलाय.’

परतीला प्रत्येकाला आंबे घ्यायचे असतात. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तरी प्रत्येकाचा विश्वास ‘आपल्या ओळखीच्या’ बागवाल्यावरच असतो. ती ओळख सकाळच्या चहाला झालेली असते. बंद गाडीत सहा पेट्या ठेवल्या की ताम्हिणी चढेपर्यंत आढीचा वास गच्च भरतो. मागच्या सीटवरचा माणूस आता पेट्यांच्या मध्ये असतो आणि येतानापेक्षा आनंदात असतो.

घरी पोचल्यावर हिशेब उरतो. प्रवासात सगळे ‘टीटीएमएम’, म्हणजे तुझं तू माझं मी, असे ठरलेले असते. प्रत्यक्षात पेट्रोल एकाने भरलेले, खोली दुसऱ्याने, ट्रॅक्टर तिसऱ्याने. आयोजक रात्री जागून काँट्रीचा तक्ता करतो. पाच जण त्याच रात्री पैसे पाठवतात, सहावा अंगठा पाठवतो. कोळंबी सगळ्यांनी खाल्ली तरी ती कोणाच्या खात्यात घालायची, यावर मतभेद कायम राहतो. गाडीच्या सीटखालून महिनाभर वाळू निघाल्याची तक्रार भाड्याने देणारा करतो आणि अनामत रकमेतून धुलाई कापून घेतो.

ज्यांना यंदा जायचे असेल त्यांनी १ जूनच्या आत जावे, कारण त्या तारखेपासून पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद होते आणि मेच्या अखेरीस समुद्रही खवळू लागतो. जंगलजेट्टीची शेवटची फेरी किती वाजता, हे निघण्यापूर्वी फोन करून विचारावे. पानांचा आकडा काकूंना सकाळी सांगावा. आणि गाडी रस्त्यावर लावून समुद्रापर्यंत चालत जावे.