गिधाडाचा जीव गोठ्यात

पक्षी वाचवायचा म्हटलं की आपले डोळे जंगलाकडे वळतात. कुंपण घाला, वनरक्षक वाढवा, फलक लावा. गिधाडाच्या बाबतीत एवढ्याने भागत नाही. गिधाडाचं मरण जंगलात नाही, गोठ्यात ठरतं.

कसं, ते बघा.

म्हैस आजारी पडते. अंग तापतं, पाय धरतात, वैरणीला तोंड लावत नाही. डॉक्टर येतो, किंवा डॉक्टरचं काम करणारा कोणी तरी येतो, आणि सुई टोचून जातो. बहुतेक वेळा म्हैस उठते. कधी उठत नाही. मग मढं गावाबाहेर नेऊन टाकलं जातं. औषध मात्र तिच्या मांसात, काळजात, मूत्रपिंडात शिल्लक असतं. गिधाडं उतरतात, बघता बघता हाडं मोकळी करतात आणि उडून जातात. दोन-चार दिवसांत त्यांची मूत्रपिंडं बंद पडतात. काळजावर, आतड्यांवर युरिक ॲसिडचा खडूसारखा पांढरा थर चढतो. मान खाली लोंबते. मग एके दिवशी पक्षी झाडाखाली पडलेला सापडतो.

औषधाचं नाव डायक्लोफिनॅक. माणसाच्या गुडघेदुखीवर चालणारं, स्वस्त, ओळखीचं.

एका औषधाने एवढं होतं? झालंय. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत देशातल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घसरली. म्हणजे हजारात एक उरलं. लांब चोचीची गिधाडं जवळपास ९७ टक्क्यांनी घटली. कोणी बंदूक चालवली नाही, कोणी फासे लावले नाहीत.

शंभरात एकाहूनही कमी मढ्यांत हे औषध असलं, तरी तेवढ्यावर गिधाडांचा निकाल लागतो, असं शास्त्रज्ञांचं गणित आहे. कारण गिधाड एकटं जेवत नाही. एका मढ्यावर अख्खा थवा बसतो. आणि मादी वर्षाला अंडं घालते एकच. पिल्लू वयात यायला पाचेक वर्षं जातात.

२००४ साली कारण सापडलं. २००६ साली जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी आली. सुटलो म्हणायचं?

नाही. माणसांसाठीच्या इंजेक्शनच्या ३० मिलिलिटरच्या कुप्या दुकानात तशाच मिळत राहिल्या. माणसाला एका वेळी ३ मिलिलिटर पुरतं. मग दहापट मोठी कुपी कोणासाठी भरत होते? उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. ती कुपी बंद व्हायला २०१५ उजाडलं.

तोवर गोठ्यात दुसरी औषधं आली. किटोप्रोफेन आलं, तेही गिधाडाला मारक. ॲसिक्लोफिनॅक आलं, आणि त्याचं तर जनावराच्या अंगात गेल्यावर डायक्लोफिनॅकच होतं. या दोघांवर बंदी आली जुलै २०२३मध्ये. निमेसुलाइडला २०२४ संपावं लागलं. पहिल्या बंदीनंतर सतरा-अठरा वर्षं. एवढ्या काळात गिधाडाच्या तीन पिढ्या वयात येऊ शकल्या असत्या.

मग काय, आजारी जनावर तसंच तडफडत ठेवायचं? असं कोण म्हणतंय? मेलॉक्सिकॅम आहे. टोल्फेनामिक ॲसिड आहे. दोन्ही गिधाडाला सुरक्षित ठरलीत, दोन्ही जनावराला गुण देतात, दोन्ही बाजारात मिळतात. प्रश्न औषधाचा उरलेला नाही, सवयीचा आहे.

आणि इथे कोल्हापूरचा संबंध येतो.

हा दुधाचा जिल्हा. १९६३ साली स्थापन झालेला जिल्हा दूध संघ, आपलं ‘गोकुळ’, वाडीवस्तीपर्यंत पोचलाय. सकाळ-संध्याकाळ संस्थेच्या दारात किटल्या घेऊन रांग लागते. जिल्ह्यातल्या सगळ्या निसर्गप्रेमी संस्था मिळून जेवढी दारं वाजवू शकणार नाहीत, तेवढ्या घरांत दूधबिल जातं. त्या बिलावर एक ओळ छापायला काय लागतं? ‘जनावराला दुखण्याचं इंजेक्शन देताना मेलॉक्सिकॅम मागा.’ संघाने मनावर घेतलं, तर जे काम सरकारी परिपत्रकांना दोन दशकांत जमलं नाही, ते एका हंगामात होईल.

‘पण कोल्हापुरात गिधाडं आहेत कुठे?’ हा प्रश्न येणारच. साठी ओलांडलेल्या कोणालाही विचारा, तो गावाबाहेरची ती जागा हाताने दाखवील. जागा आहे. पक्षी गेले.

गेले म्हणून विषय संपत नाही. हरियाणातल्या पिंजोरच्या केंद्रात वाढवलेली वीस गिधाडं जानेवारी २०२४मध्ये महाराष्ट्रात आणली, काही ताडोब्याला, काही पेंचला. पुढे ती मोकळी सोडली. त्यातलं ताडोब्यातून सुटलेलं एक थेट तमिळनाडूत पोचलं. गिधाडाला जिल्ह्याची हद्द कळत नाही. उद्या एखादं गगनबावड्याच्या कड्यावर उतरलं, तर त्याच्या पुढ्यात कसलं मढं असेल? ते आज आपल्या गोठ्यात ठरतंय.

ज्यांना पक्ष्याचं काही पडलेलं नाही, त्यांनी माणसांचा हिशेब बघावा. गिधाडं गेली, मढी सडू लागली, कुत्री वाढली, पाणी नासलं. फ्रँक आणि सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली हिशेब प्रसिद्ध केला: २००० ते २००५ या काळात गिधाडं नाहीशी झाल्यामुळे देशात सुमारे पाच लाख माणसं जादा मेली.

पाच लाख. महापालिकेच्या सभेत भटक्या कुत्र्यांवरून रान उठतं, तेव्हा हा आकडा कोणी काढतं का?

आता डोंगराकडे चला. गोठा सुधारला तरी गिधाडाला बसायला कडा आणि बाकीच्या शिकारी पक्ष्यांना माळ हवाच.

राधानगरी, शाहूवाडी, भुदरगड, चंदगड इकडच्या माणसाला सडा माहीत आहे. डोंगराच्या माथ्यावरचा जांभ्याचा सपाट माळ. पावसाळ्यात फुलांनी भरतो, हिवाळ्यात गवत पिवळं पडतं, उन्हाळ्यात कातळ काळाठिक्कर. बाहेरच्या माणसाला तिथे काहीच दिसत नाही. जरा थांबून बघावं. खरूची वाऱ्यावर पंख फडफडवत एकाच जागी लटकून राहते. नजर गवतातल्या सरड्यावर. भोवत्या जमिनीपासून हातभर उंचीवरून गवत चाळत जातो. उत्तरेकडून हजारो किलोमीटर उडून तो इथे हिवाळा काढायला आलेला असतो. सापमार गरुड माथ्यावरून संथ फिरतो. कड्याच्या बाजूला कोकणातून आलेला वारा भिंतीवर आदळून वर चढतो, त्यावर शाहीन ससाणा पंख न हलवता उभा राहतो. त्या कड्यावर पांढरे ओघळ दिसले, तर समजावं की तिथे कोणाची तरी वर्षानुवर्षांची बसायची जागा आहे.

आणि सातबाऱ्यावर? पोटखराबा.

तिथेच सगळी गडबड आहे. जिथे झाड नाही ती जागा मोकळी, जिथे पीक नाही ती जागा वाया, असं कागद म्हणतो. मग जांभ्याच्या पोटात बॉक्साइट सापडतं आणि जेसीबी चढतो. राधानगरी-शाहूवाडीच्या सड्यांनी हे पाहिलंय. वरचं कवच एकदा फोडलं की ते परत घालता येत नाही. रोपं लावून खड्डा हिरवा दिसतो, सडा होत नाही. आणि त्याच कवचातून मुरलेलं पाणी खालच्या वाडीच्या झऱ्याला येत होतं, हे उन्हाळ्यात कळतं.

दुसरा घाव वणव्याचा. तो तर दरवर्षी आपणच घालतो. गवत जाळलं की पुढच्या वर्षी चांगलं येतं, ही समजूत अजून जिवंत आहे. होळीच्या आगेमागे डोंगर रात्री तांबडे दिसतात. धुराच्या कडेने घारी घिरट्या घालतात, पळणारे टोळ नि उंदीर टिपतात. एक दिवसाची मेजवानी. मग पाऊस पडेपर्यंत त्या माथ्यावर खायला काही उरत नाही, आणि जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्याच्या अंड्यांचा कोळसा झालेला असतो.

वणवा विझवायला येतात कोण? शहरातली चार पोरं आणि वनखात्याची दोन माणसं. काडी लावणारा सापडत नाही. गावाला मात्र तो ठाऊक असतो.

कायदे नाहीत असं नाही. राधानगरी हे राज्यातलं पहिलं अभयारण्य, १९५८पासूनचं. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारशात गेला, तेव्हा कास, कोयना, चांदोलीबरोबर राधानगरीचंही नाव त्यात लागलं. डिसेंबर २०२०मध्ये पन्हाळगड, विशाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड, चंदगड अशी संवर्धन राखीव क्षेत्रं मंजूर झाली. चांगलंच झालं. पण संवर्धन राखीव होतं ते सरकारी जमिनीवर. मालकीच्या सड्याचं काय? तो आजही विकाऊ आहे, आणि रिसॉर्टवाल्याला सगळ्यात आवडतो तो कड्याच्या टोकाचा तुकडा. शाहीन ससाण्यालाही तोच लागतो. दोघांत कोण जिंकतं, ते आंबा घाटात जाऊन बघा.

मग पश्चिम घाटाचं संवेदनशील क्षेत्र. गाडगीळ समितीने २०११मध्ये अहवाल दिला, कस्तुरीरंगन गटाने २०१३मध्ये. अधिसूचनेचा पहिला मसुदा २०१४चा. सहावा ३१ जुलै २०२४चा, वायनाडमध्ये डोंगर कोसळून गावं गाडली गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. महाराष्ट्राचं १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र त्यात आहे. सहा मसुदे, दहा वर्षं, अंतिम अधिसूचना शून्य.

गावोगाव सांगितलं जातं: शेती बंद होईल, घर बांधता येणार नाही. मसुदा वाचलाय का कोणी? बंदी आहे ती खाणींवर, दगड-वाळूच्या उपशावर, औष्णिक वीज प्रकल्पांवर, ‘लाल’ म्हणजे अतिप्रदूषक गटातल्या कारखान्यांवर आणि वीस हजार चौरस मीटरच्या वरच्या बांधकामांवर. वीस हजार चौरस मीटरचं घर डोंगरावरच्या कुठल्या शेतकऱ्याचं आहे? भीती शेतकऱ्याच्या तोंडून बोलते, फायदा मात्र दुसऱ्याच्या खिशात जातो.

विरोध करून काहीच होत नाही, हेही खरं नाही. नाशिकजवळ अंजनेरीच्या कड्यांत लांब चोचीच्या गिधाडांची घरटी आहेत. तिथे माथ्यापर्यंत गाडीरस्ता न्यायचा घाट घातला गेला. पक्षीमित्र आणि गावकरी आडवे आले, प्रस्ताव मागे पडला. रायगडात म्हसळ्याजवळच्या चिरगावात गावकऱ्यांनी गिधाडांची घरटी असलेली झाडं राखली. त्यांच्याकडे ना मोठा निधी होता, ना मोठं नाव.

आणि कोल्हापूरला आडवं येणं शिकवावं लागतं का? २०२५च्या जुलैत नांदणीच्या मठातली महादेवी हत्तीण गुजरातला नेली, तर अख्खा जिल्हा रस्त्यावर आला. लोक नांदणीहून कोल्हापूरपर्यंत चालत आले. एका मुक्या जनावरासाठी एवढी माणसं चालतात, हे ज्या जिल्ह्यात घडतं, तिथे माया नाही असं कोण म्हणेल? ती माया अजून कड्यापर्यंत चढलेली नाही, एवढंच.

गिधाड देखणं नाही. त्याला कोणी केळी भरवत नाही, कोणी लाडाचं नाव देत नाही. वाघाला सह्याद्रीत आणायची मोहीम सुरू झालीय, व्हायलाच हवी. वाघाच्या नावाने निधी येतो, जंगलाला पहारा मिळतो. पण वाघासाठी राखलेलं जंगल सड्यावरच्या भोवत्याच्या कामाचं नाही आणि गोठ्यातल्या सुईवर त्याचा काडीचा परिणाम होत नाही.

फोटोवाल्यांनाही एक शब्द. कड्यावरच्या घरट्यासमोर ड्रोन नेऊ नका. पक्षी उठतो, अंडं उन्हात राहतं. तुमच्या फोटोची किंमत त्या वर्षाचं पिल्लू असते.

ऊसवाल्यांनाही. शेताच्या तारेवर बसणारी पांढरी-राखी, तांबड्या डोळ्यांची कापशी मुख्यतः उंदरांवरच जगते. विषाची गोळी खाल्लेला उंदीर तिने उचलला, तर तीही मरू शकते, आणि मग उंदरांना मोकळं रान मिळतं.

बाकी मंत्री, खातं, न्यायालय आपापल्या गतीने चालतील. तुमच्या हातात आहे ते आज करा. जनावराला सुई टोचायला कोणी येईल, तेव्हा कुपी हातात घ्या आणि नाव वाचा. डायक्लोफिनॅक, किटोप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक, निमेसुलाइड असेल तर परत द्या. ते बेकायदा आहे. मेलॉक्सिकॅम मागा. ग्रामसभेत सड्याचा विषय निघाला तर गप्प बसू नका. आणि या उन्हाळ्यात डोंगराला काडी लावणारा तुम्हाला माहीत असेल, तर त्याचं नाव वनखात्याला सांगा.