घोळ, चाकवत आणि घासाघीस

न्यू यॉर्कच्या युनियन स्क्वेअरला शनिवारी भरणाऱ्या ग्रीनमार्केटबद्दल तिथल्या मराठी मंडळींची तक्रार ठरलेली असते: भाव करता येत नाही, तर तो बाजार कसला? तक्रार वरवर रास्त वाटते, कारण आपल्याकडे भाजी घेणे ही खरेदी नसून खटला असतो. गिऱ्हाईक आरोप ठेवते, भाजीवाली शपथेवर सांगते, आणि निकालानंतर नुकसानभरपाई म्हणून कोथिंबिरीच्या चार काड्या पिशवीत पडतात. युनियन स्क्वेअरला पाटीवर डॉलरचा आकडा लिहिलेला असतो आणि दोन्ही पक्ष एकमेकांना शुभेच्छा देऊन मोकळे होतात. इतक्या सौजन्याने मराठी माणसाची भूकच मरते. तरीही माझे म्हणणे असे, की घासाघीस नसलेला हाच बाजार आपल्या मंडईपेक्षा गावच्या जुन्या आठवडे बाजाराला जास्त जवळचा आहे.

घासाघीस संशयावर जगते. मंडईत बसलेल्या बाईने मेथी पिकवलेली नसते. तिने ती पहाटे मार्केट यार्डातून आणलेली असते, आणि त्याआधी अडत्या, हमाल, टेम्पोवाला अशा सगळ्यांचे हात त्या जुडीला लागलेले असतात. शेतकऱ्याला काय मिळाले हे कुणालाच ठाऊक नसल्याने कोणताही भाव लबाडीचा वाटतो. संशय खरा असतो, फक्त तो साखळीतल्या शेवटच्या आणि बहुधा सर्वांत गरीब माणसावर निघतो. ग्रीनमार्केट 1976 साली बॅरी बेनेपी आणि बॉब लुईस यांनी सुरू केले ते अडत्यालाच वगळून. नियम असा, की विकायचे ते आपणच पिकवलेले, पकडलेले किंवा भाजलेले हवे, म्हणजे गावच्या आठवडे बाजारासारखा पिकवणाराच विकायला बसतो. समोरचा माणूस टोमॅटोवरच्या डागाला गारपीट कारण आहे म्हणाला, तर ती गारपीट त्याच्याच शेतावर झालेली असते. मग भांडायचे कुणाशी? (हवामानाशी भांडण्याची आपली तयारी असते, पण ते सुटे पैसे परत देत नाही.)

यावर आक्षेप येतो महागाईचा, आणि तो जोरदार आहे. आपल्याकडे बांधावर फुकट उगवणारी घोळ आणि चाकवत तिथे उन्हाळ्यात जुड्या बांधून डॉलरमध्ये विकायला असतात, तेही दुर्मीळ वस्तूच्या थाटात. तण विकून पैसे करणारा शेतकरी पाहिला की विदर्भातल्या शेतकऱ्याने कपाळाला हात लावावा. पण ते तण खुडणाऱ्या मजुराला तासावर अमेरिकन मजुरी द्यावी लागते आणि गाडी अंधारात निघून शहरात यावी लागते. आपल्या जुडीच्या स्वस्ताईत नेमकी हीच मजुरी गिळलेली असते. शिवाय बाजार फक्त श्रीमंतांचा म्हणावा, तर गरिबांच्या सरकारी अन्नसाहाय्याचे कार्ड तिथे चालते, आणि त्यावर खर्च केला की फळभाजीसाठी जादा कुपनेही मिळतात. अडत्याला वगळायचे म्हटले, तर आपल्याकडेही 2016 साली फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला आणि शहरांत शेतकऱ्यांचे आठवडे बाजार भरू लागले. तिथेही आपण शेतकऱ्याशी हुज्जत घालतोच. म्हणजे संशय संपला तरी सवय उरते, एवढे मला मान्य करावे लागेल.

राहिला शेवटचा आक्षेप, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही: तिथे लिंबू मिळत नाही. आसपासच्या शेतांत जे उगवत नाही ते ग्रीनमार्केटमध्ये नाही, त्यामुळे केळी नाहीत, नारळ नाही, कढीपत्ताही नाही. फेब्रुवारीत बटाटे, बीट आणि सफरचंदे यांच्यावर श्रद्धा ठेवावी लागते. कांदेपोह्यांचा कांदा तिथे उत्तम मिळतो. पोह्यांसाठी भारतीय दुकानांच्या जॅक्सन हाइट्सला जावे. युनियन स्क्वेअरहून सबवेची आर गाडी थेट जाते.